सभासदांनो, रिस्टोअरची तारीख विचारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांचा हंगाम सुरू आहे. ३० सप्टेंबरच्या आत सभा उरकायची असल्याने पतसंस्था, नोकरदारांच्या सोसायट्या, दूध संस्था यांचे अहवाल घरोघर पोहोचत आहेत. बहुतेक अहवालांत एक वाक्य हमखास असते : ‘संस्थेचे कामकाज संपूर्ण संगणकीकृत असून डेटाचा बॅकअप नियमित घेतला जातो.’ वाचन होते, ‘मंजूर, मंजूर’ होते आणि सभा लाभांशाकडे वळते. सर्व्हर उभे करणे, बंद पडलेले चालू करणे आणि गेलेला डेटा परत मिळवणे हे आमचे रोजचे काम. त्या नात्याने सभासदांना एवढेच सांगणे आहे की लाभांशाच्या आधी एक प्रश्न विचारा. शेवटचा रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत उतरवणे, कोणत्या तारखेला करून पाहिला, त्याला किती तास लागले आणि उतरवलेल्या डेटाची तेरीज (सर्व खात्यांच्या नावे-जमा शिलकांची यादी) जुळली का?

‘रोज बॅकअप होतोच की’ या उत्तरावर खाली बसू नका. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथे एका इंजिनिअरकडून चुकीच्या सर्व्हरवरचे डेटाबेसचे फोल्डर पुसले गेले. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले. बॅकअपच्या एक-दोन नव्हे, पाच पद्धती कागदावर होत्या आणि वेळेला एकही धड कामी आली नाही. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्राम पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ चा, म्हणून तो रोज एरर देऊन थांबत होता. एररची ई-मेल निघत होती, पण समोरचा मेल-सर्व्हर ती नाकारत होता. अखेर सहा तास आधी भलत्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटवर (त्या क्षणाच्या डेटाच्या प्रतीवर) सगळे निभावले. कंपनीने हे स्वतःहून जाहीर केले, म्हणून आपल्याला ठाऊक. आपल्याकडे अशा गोष्टी ‘तांत्रिक अडचणीमुळे कामकाज बंद’ या पाटीमागे जिरतात.

आपल्या कचेऱ्यांत बॅकअप बंद पडायला इतके मोठे निमित्तही लागत नाही. टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप चालवण्याची विंडोजची सोय) बॅकअपचे काम ज्या विंडोज खात्याच्या नावाने लावलेले असते, त्या खात्याचा पासवर्ड कोणी बदलला की त्या दिवसापासून ते काम चालत नाही. पडद्यावर काही येत नाही. ‘लास्ट रन रिझल्ट’च्या रकान्यात शून्याऐवजी भलताच आकडा दिसतो, पण तो रकाना उघडतो कोण? दुसरे कारण बाहेरच्या डिस्कचे फॉरमॅट. फॅट-३२ पद्धतीत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे. संस्था लहान होती तोवर फाइल मावत होती, ठेवी वाढल्या, फाइल फुगली आणि ४ जीबीला अडकली. डिस्कवर फाइल दिसते, तारीखही आजची असते, आत मात्र अर्धाच डेटा.

याहून घातक म्हणजे चालू डेटाबेसच्या फाइलींची सरळ कॉपी. एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस निदान ‘फाइल वापरात आहे’ म्हणून नकार देतो. लिनक्सवरच्या मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचे फोल्डर मात्र बिनबोभाट कॉपी होते, आणि कॉपीला दहा मिनिटे लागली तर त्यातला काही भाग नऊ वाजताचा, काही नऊ वाजून दहा मिनिटांचा. असा डेटाबेस उघडतच नाही, किंवा उघडतो आणि महिन्याभराने नावे-जमा जुळेनाशी होते. मायएसक्यूएलला एकाच क्षणाचे चित्र देणारा ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ पर्याय लावून डम्प (सगळा डेटा एका फाइलमध्ये काढलेली प्रत) घ्यावा. टॅली असेल तर सर्वांनी बाहेर पडल्यावर त्यातल्याच बॅकअपच्या पर्यायाने घ्यावा.

आणखी एक वगळणूक पतसंस्थांमध्ये सर्रास आढळते. खातेदारांचे फोटो आणि सह्यांचे नमुने बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये डेटाबेसच्या बाहेर, वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. डेटाबेसचा बॅकअप चोख, पण सह्या कुठल्याच प्रतीत नाहीत. खाती परत येतात, काउंटरवर सही पडताळायला काही उरत नाही.

हे सगळे रिस्टोअर करून पाहिल्याशिवाय कळत नाही. तो कसा करायचा ते सांगतो, कारण ‘टेस्टिंग केले’ या शब्दांखाली काहीही खपते.

वेगळा संगणक घ्या. चालू सर्व्हरवर, चालू डेटाबेसच्या नावाने रिस्टोअर करण्याच्या फंदात कधीच पडू नये. ज्याचे रक्षण करायचे तोच डेटा त्यात पुसला जातो. वेगळ्या संगणकाची नेटवर्क केबल आधी काढा. हे फार महत्त्वाचे आहे. उतरवलेले सॉफ्टवेअर जागे झाले की आपणच खरा सर्व्हर आहोत असे समजून जुने एसएमएस पुन्हा पाठवते, आवर्त ठेवींचे हप्ते वळते करू लागते. मग डेटाबेस उतरवा. एसक्यूएल सर्व्हर २०१९ चा बॅकअप २०१६ वर उतरत नाही, आवृत्ती तीच किंवा वरची लागते. फुकटच्या एक्स्प्रेस प्रकारात २०२२ च्या आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, त्यामुळे ३० जीबीचा डेटाबेस तिथे उतरणार नाही. चाचणीपुरती डेव्हलपर आवृत्ती वापरावी, तीही मोफत आहे. डेटाबेस उतरला तरी सॉफ्टवेअर ‘लॉगिन फेल्ड’ म्हणते, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. एसक्यूएलची लॉगिन ‘मास्टर’ नावाच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये असतात आणि त्याचा बॅकअप बहुतेक कोणी घेतलेला नसतो. चाचणीत ही गोष्ट कळली तर पाच मिनिटांचे काम, खऱ्या दिवशी कळली तर सॉफ्टवेअरवाल्याच्या फोनची वाट पाहत अर्धा दिवस.

यानंतर संगणकाचे काम संपते आणि अकाउंटंटचे सुरू होते. बॅकअपच्या तारखेची सही-शिक्क्याची छापील तेरीज समोर ठेवायची आणि पडद्यावरची तिच्याशी ताडायची. रोजकीर्दीतला शेवटचा व्हाउचर क्रमांक पाहायचा. मनाला येतील ती दहा खाती उघडून फोटो आणि सही दिसते का ते बघायचे. घड्याळ लावलेले असावे. डिस्क कपाटातून काढल्यापासून पहिली पावती छापेपर्यंत किती वेळ गेला, तो आकडा वहीत लिहायचा. तिमाहीला एकदा एवढे झाले तरी पुष्कळ.

आता आखणीकडे. ‘किती वेळा बॅकअप घ्यावा’ हे विचारण्याआधी संचालक मंडळाने ठरवायचे की किती वेळाचे काम पुन्हा हाताने भरणे परवडेल आणि काउंटर किती तास बंद राहिलेला चालेल. पाच काउंटरची, ३० जीबी डेटाबेसची पतसंस्था धरू. फक्त रात्री बॅकअप असेल आणि दुपारी चारला डिस्क गेली तर सकाळपासूनच्या सगळ्या पावत्या पुन्हा भराव्या लागतील. पिग्मी एजंटांचा भरणाही त्यात आला. म्हणून रात्री पूर्ण बॅकअप आणि कामाच्या वेळेत दर पंधरा मिनिटांनी लॉग बॅकअप (मधल्या व्यवहारांच्या नोंदींचा), हे गणित बसते. लॉग बॅकअप दुसऱ्या यंत्रावर गेला पाहिजे हे ओघानेच आले. लॉग बॅकअपसाठी एसक्यूएल सर्व्हरचा डेटाबेस ‘फुल’ रिकव्हरी मॉडेलमध्ये (बॅकअप होईपर्यंत लॉग जपून ठेवणारी सेटिंग) असावा लागतो. नुसते ‘फुल’ करून लॉग बॅकअप लावायचा राहिला, तर लॉगची फाइल वाढत वाढत डिस्क भरते आणि एका सकाळी एकही व्यवहार नोंदवला जात नाही. सर्व्हर ‘बिघडला’ म्हणून आलेल्या तक्रारींत हे दुखणे नेहमीचे. किती जुन्या प्रती ठेवायच्या? रोजच्या सात, आठवड्याच्या चार, महिन्याच्या बारा. चूक दोन महिन्यांनी उघडकीस येते तेव्हा कालची प्रत काय कामाची? शिवाय जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायच्या आहेत, तेव्हा ३१ मार्चची प्रत वेगळी काढून ठेवावी, आणि तिच्यासोबत त्या वर्षीच्या सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलरही. सहा वर्षांनी फाइल असते, पण ती उघडणारे सॉफ्टवेअर मिळत नाही.

प्रती तीन, माध्यमे दोन, एक प्रत गावाबाहेर, हा नियम आता पुष्कळांना पाठ आहे. ‘गावाबाहेर’चा अर्थ मात्र सोयीने लावला जातो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले. तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटातली बॅकअपची डिस्क एकाच पाण्यात बुडते. नदीकाठच्या दुसऱ्या शाखेत ठेवलेली प्रतही त्याच वर्गातली. १० मार्च २०२१ ला फ्रान्सच्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर जळाले. ज्या ग्राहकांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांतल्या कित्येकांचे दोन्ही गेले. म्हणजे ‘आमचे सगळे क्लाउडवर आहे’ म्हणणाऱ्यांनीही प्रत नेमकी कुठे आहे हे विचारायला हवे.

क्लाउडचे आणखी एक साधे गणित कोणी मांडत नाही. ३०० जीबीचा डेटा २० एमबीपीएसच्या अपलोडने चढवायला ३३ तास लागतात. उतरवताना ५० एमबीपीएस मिळाले तरी तेरा तास. तेवढाच डेटा यूएसबी-३ च्या डिस्कवरून, सेकंदाला १०० एमबी धरले तर, ५० मिनिटांत उतरतो. क्लाउडची प्रत आग-पुरासाठी ठेवा आणि रोजच्या अडीअडचणीसाठी डिस्क हाताशी असू द्या. डिस्क दोन हव्यात, आलटून पालटून. एक जोडलेली असेल तेव्हा दुसरी कुलपात, आणि दोन्ही एन्क्रिप्ट केलेल्या (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या). किल्ली कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. ती सर्व्हरवरच्या फाइलमध्ये ठेवणारे महाभाग कमी नाहीत.

डिस्क काढून ठेवायची ती रॅन्समवेअरमुळे, म्हणजे डेटा अडवून खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्राममुळे. सर्व्हरला जोडलेले, नेटवर्कवर ड्राइव्ह म्हणून दिसणारे सगळे काही रॅन्समवेअर कुलूपबंद करते आणि विंडोजच्या शॅडो कॉपी (विंडोजने स्वतः ठेवलेल्या जुन्या प्रती) आधी पुसते. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या या घातक प्रोग्रामने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले, तेव्हा न्हावा-शेव्याचे त्यांच्या समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले होते. मर्स्ककडे सुमारे १५० डोमेन कंट्रोलर (कंपनीभरची लॉगिन सांभाळणारे सर्व्हर) होते आणि सगळे एकमेकांशी सतत जुळवून घेत. प्रती इतक्या असताना स्वतंत्र बॅकअप कशाला, असा तो हिशेब. सगळे एकदमच पुसले गेले. वाचला तो एकटा घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती. सिंक्रोनाइझ केलेली प्रत तुमची चूकही तितक्याच तत्परतेने उतरवून घेते. विंडोजच्या रोबोकॉपी प्रोग्रामचा ‘मिरर’, गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह या सर्वांना हे लागू आहे. बॅकअपचे यंत्र डोमेनच्या बाहेर, वेगळ्या पासवर्डचे असावे आणि त्यानेच सर्व्हरकडून डेटा ओढून घ्यावा. सर्व्हरला त्या यंत्रावर लिहिण्याचा हक्कच नको.

डेटा दुसऱ्याच्या सर्व्हरवर असेल तरी जबाबदारी सुटत नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस एका तंत्रसेवा कंपनीवर असा हल्ला झाला आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे पेमेंट व्यवहार थांबले. करारात दर महिन्याला तुमच्या डेटाची, तुम्हाला वाचता येईल अशी प्रत देण्याचे कलम असावे. हल्ला झाल्यास सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला सहा तासांत कळवणे २०२२ पासून बंधनकारक आहे, तो ई-मेल पत्ता आताच लिहून ठेवा.

रेडबद्दल (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची पद्धत) दोनच वाक्ये. रेड म्हणजे बॅकअप नाही, एक डिस्क गेली तरी काउंटर चालू ठेवण्याची ती सोय आहे. ४ टीबीची डिस्क बदलल्यावर पुन्हा भरायला सेकंदाला १५० एमबीच्या वेगानेही सात तासांहून अधिक लागतात आणि त्याच काळात, त्याच खरेदीतली, तेवढीच जुनी दुसरी डिस्क दगा देते.

सकाळी सर्व्हर सुरू होत नाही, तेव्हा घाईघाईत जे केले जाते त्यानेच जास्त नुकसान होते. आधी वीज पाहावी : सॉकेट, यूपीएसचे आउटपुट, केबल, मग पॉवर सप्लाय. यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते. देखभालीसाठी वीज बंद असण्याच्या दिवशी ती पाच मिनिटेही धरत नाही आणि डेटाबेस लिहिता लिहिता बंद पडतो. बॅटरीची चाचणी सर्व्हर काढून, तेवढ्याच वॅटचे बल्ब लावून करावी. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून बॅटरी संपण्याआधी तो आपोआप बंद होईल अशी सोय करावी. ती केबल बहुतेक ठिकाणी खोक्यातच पडून असते. पंखे फिरतात पण पडदा काळा असेल तर बीपचे आवाज मोजावेत, वीज तोडून रॅम काढावी, संपर्कपट्टी खोडरबराने पुसावी आणि एकच रॅम लावून पाहावे.

सर्वांत फसवा प्रकार मदरबोर्डवरच्या ३ व्होल्टच्या सीआर-२०३२ सेलचा. दिवाळीची सुट्टी, चार दिवस वीज बंद, सेल संपलेला. बायोसच्या (संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंग मूळ पदावर जातात. मदरबोर्डच्याच रेडवर दोन डिस्कची जोडी असेल तर साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोड ‘रेड’वरून ‘एएचसीआय’वर, म्हणजे सुट्या डिस्कवर, येतो, जोडी फुटल्यासारखी दिसते आणि विंडोज निळ्या पडद्यावर थांबते. डेटाला काहीही झालेले नसते. अशा वेळी कोणी तरी नवी जोडी बनवायला जाते, पडदा विचारतो ‘इनिशिअलाइझ करू का?’ आणि बोट ‘येस’वर पडते. करायचे एवढेच : सेल बदला, तारीख-वेळ लावा, साटाचा मोड, यूईएफआय की लेगसी (सुरू होण्याची नवी की जुनी पद्धत) आणि बूटचा क्रम पूर्वीसारखा करा. पूर्वी काय होते ते कळावे म्हणून बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून छापून रॅकच्या दाराला आतून चिकटवावा. घड्याळ दुरुस्त केल्याशिवाय ‘डे बिगिन’ (सॉफ्टवेअरमध्ये दिवस सुरू करणे) करू नये, नाहीतर व्याज भलत्या तारखेने आकारले जाते. डोमेन असेल तर पाच मिनिटांहून जास्त फरकाने लॉगिनच अडते.

लिनक्स सर्व्हर ‘इमर्जन्सी मोड’मध्ये थांबला तर आधी शंका घ्यावी ती बॅकअपच्याच बाहेरच्या डिस्कची. एफएसटॅब फाइलमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी) तिची नोंद असते, डिस्क कपाटात असते, सर्व्हर दीड मिनिट वाट पाहतो आणि हटून बसतो. त्या ओळीत ‘नोफेल’ लिहिले की प्रश्न मिटतो. आणि १९ जुलै २०२४ आठवा : क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळी पडली. उपाय सोपा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. पण डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद, ४८ अंकी किल्ली हवी, आणि काही ठिकाणी ती किल्ली ज्या सर्व्हरवर होती तोही निळाच.

डिस्कच गेली असेल तर पहिला नियम म्हणजे हात आवरणे. टकटक आवाज येत असेल तर ताबडतोब वीज तोडा. प्रत्येक वेळी चालू करून पाहताना हेड पृष्ठभाग खरवडत असते. फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय अजून सांगितला जातो, त्याने आत दव धरते. आवाज नसेल आणि डिस्क दिसत असेल तरी तिच्यावर चेकडिस्क चालवू नये, कारण ते दुरुस्तीच्या नावाखाली मूळ नोंदी बदलते. आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब प्रत काढावी, मॅप फाइल (कुठवर वाचून झाले याची नोंद) ठेवून. ते चांगला भाग आधी उचलते, खराब जागा शेवटी कुरतडते आणि मध्येच थांबले तरी तिथूनच पुढे जाते. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर. चुकून पुसलेली फाइल साध्या हार्ड डिस्कवर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत सापडू शकते. एसएसडीवर ट्रिममुळे (पुसलेली जागा आपोआप रिकामी करण्याची सोय) ती आशा बहुधा मिनिटांचीच. रेडच्या डिस्क काढताना कोणती कितव्या खाचेत होती तो आकडा मार्करने लिहा. प्रयोगशाळेकडे पाठवाल तेव्हा सापडलेल्या फाइलींची यादी आणि त्यांतल्या दोन-चार उघडून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. डेटाबेसची फाइल नावाने सापडते, आकाराने बरोबर असते आणि आत शून्ये भरलेली असतात.

सहकार खात्याकडे आणि लेखापरीक्षकांकडे आमची मागणी लहान आहे. लेखापरीक्षण अहवालात ‘बॅकअप घेतला जातो : होय/नाही’ अशा उत्तरावर समाधान मानू नये. शेवटच्या रिस्टोअरची तारीख, लागलेला वेळ आणि जुळलेल्या तेरजेची तारीख असे तीन रकाने ठेवावेत, त्यांखाली व्यवस्थापकाबरोबर तेरीज ताडणाऱ्या अकाउंटंटचीही सही घ्यावी. पहिल्या वर्षी पुष्कळ रकाने कोरे येतील. ते कोरेच छापावेत.

आपले,
सर्व्हर देखभालीचे काम करणारे काही तंत्रज्ञ, सांगली